झुरळांनाही प्रेक्षक लागतात म्हणे

रॉबर्ट झायॉन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये सहकाऱ्यांना घेऊन चक्क झुरळं पळवली होती. मागून लाइट लावला की झुरळ अंधाराकडे सुसाट सुटतं, आणि बाजूच्या पारदर्शक डब्यांत प्रेक्षक म्हणून आणखी झुरळं बसवलेली! वाट सरळ असली की प्रेक्षकांसमोर झुरळ जास्त जोरात पळायचं, पण वळण शोधायचं असलं की त्याच प्रेक्षकांपुढे गडबडायचं. म्हणजे अंगात मुरलेलं असतं ते गर्दीत खुलतं आणि कच्चं असतं त्याचा विचका.

मुंबई मॅरेथॉनमध्ये दर जानेवारीत हेच दिसतं. सीएसएमटीला स्टार्टला एवढा कल्ला असतो की नवखी मंडळी त्या जोशात पहिले काही किलोमीटर नुसती उडत जातात आणि मग परतताना पेडर रोडचा चढ आला की पायात गोळे, कमरेवर हात. मुरलेला रनर तोच कल्ला या कानाने ऐकून त्या कानाने सोडतो, घड्याळ बघत आपल्या पेसने जातो, त्याला टाळ्या हव्या असतात त्या पेडर रोडला. तिथे काका-काकू संत्र्याच्या फोडी, चिक्की घेऊन उभे, पोरं टाळीसाठी हात पुढे करून, आणि कुणीतरी बिबवरचं (छातीवरच्या नंबराच्या कागदावरचं) नाव वाचून ओरडतं, "चल संदीप, चल!" की चालत सुटलेला संदीप लाजेखातर का होईना परत पळायला लागतो.

केनियाचा मॅरेथॉनपटू किपचोगेसुद्धा दोन तासांच्या आत मॅरेथॉन पळायला निघाला, तर २०१७ ला इटलीत मोंझाच्या रिकाम्या ट्रॅकवर २:००:२५ ला अडकला आणि २०१९ ला व्हिएन्नात दुतर्फा गर्दी असताना १:५९:४० मध्ये आला (पेसर्सची, म्हणजे वेग राखायला सोबत पळणाऱ्यांची, रचनाही बदलली होती, सगळं श्रेय टाळ्यांना नको). उलट आपला बीडचा अविनाश साबळे, टोकियो ऑलिंपिकच्या ओस पडलेल्या स्टेडियममध्ये स्टीपलचेसच्या (अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या) हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, ८:१८.१२ चा नॅशनल रेकॉर्ड करून गेला, फायनल हुकली ती गोष्ट वेगळी. एवढी तयारी असली की बाकावर कुणी नसलं तरी भागतं बहुतेक, शेजारी पळणारे असतातच की.

बघ्यांना एकच विनंती, दहा किलोमीटर बाकी असताना "बस, आलंच आता" असं कृपया ओरडू नका. नवख्याला ते खरं वाटतं.