पाळण्यातलं नाव

गुरुवार, रात्रीचे साडेनऊ

आज मला कुणी काही वाईट बोललं नाही. तरी दुपारपासून घशाशी काहीतरी अडकून बसलंय.

सॉल्ट लेक सिटीतल्या आमच्या मॉर्मन चर्चच्या वंशावळ ग्रंथालयात मी सेवेला असते. आयडाहोहून तिथं आलेल्या आजींचा आज तिसरा दिवस. डेन्मार्कमधल्या चर्चच्या नोंदवह्या, ती जुनी गॉथिक अक्षरं. मला डॅनिश येत नाही, पण सोळा महिन्यांत जन्म, लग्न, दफन, अमक्याची मुलगी एवढं डोळ्यांना ओळखू येतं. अकराच्या सुमाराला त्यांची खापरपणजी सापडली. आधी बाप्तिस्मा, मग लग्न, मग दफन. तिन्ही ठिकाणी नाव तेच, आणि पुढे येन्सदात्तर. येन्सची मुलगी. लग्न झालं, लेकरं झाली, मातीत गेली, तरी येन्सचीच मुलगी. आजींनी पडद्यावर बोट टेकवलं आणि रडल्या. मीही रडले.

डोळे पुसत त्यांनी विचारलं, "सिस्टर, तुमच्या आजीचं नाव काय?"

"लक्ष्मी."

"जन्माचं?"

नाही, लग्नातलं. आमच्याकडे नवरा ताटातल्या तांदळांत अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो, असं मी त्यांना सांगितलं. त्यांना ते फार आवडलं. "मग आधीचं काय होतं?"

माहीत नाही.

त्या पुढे काहीच बोलल्या नाहीत. माझा हात मात्र धरून बसल्या.

संध्याकाळी ट्रॅक्स गाडीत बसल्यापासून तेच डोक्यात. 1938 पासून आमच्या चर्चची माणसं देशोदेशी जाऊन कागदांची छायाचित्रं घेतायत. डोंगरातल्या ग्रॅनाइटच्या तिजोरीत चोवीस लाख रिळं, 2021 पर्यंत ती सगळी संगणकावर चढली. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा आहेत त्यांत. आमची माणसं रामकुंडापलीकडे गेली नाहीत. तिथल्या उपाध्यांच्या नामावळीत बाबांनी एकदा आजोबांची सही दाखवली होती. खाली मुलगे, नातू, आणि 'सौ. लक्ष्मी'. त्या वहीतही ती तांदळातलंच नाव घेऊन आली.

डेन्मार्कमध्ये 1814 पासून प्रत्येक चर्चच्या वहीच्या दोन प्रती ठेवायचे. रात्री दोन्ही प्रती एका छपराखाली ठेवायच्या नाहीत, असा नियम. आग लागली तर एक तरी वाचावी. गावातल्या एकेका पोरीच्या नावाची केवढी ही काळजी! आणि माझ्या आजीचं नाव मूठभर तांदळांखाली गेलं ते गेलं. ते तांदूळ पुढे कुणी शिजवले असतील?

पुत्रांची मनं पित्यांकडे वळतील, हे बायबलमधलं वचन इथं सतत कानावर पडतं. माझं मन वळलं म्हणूनच तर आम्ही दोघं घरदार बंद करून आलो. परक्यांच्या आज्या शोधून देते आणि माझ्या झाडावर तिच्या चौकटीत अर्धंच नाव. माझ्यामागे ते कोण शोधणार? धाकट्याला विचारलं असतं, पण जाऊ दे.

हे म्हणाले, "आत्याला फोन कर की." आठ वाजले होते, तिकडे सकाळचे साडेसात. आत्याचा चहा चालला होता.

"आता कुठं आठवायचं गं? आम्ही आपलं बाई म्हणायचो." मग बराच वेळ नुसता कपबशीचा आवाज. "तिचा भाऊ यायचा बघ निफाडहून. तो ओट्याखालूनच हाक मारायचा, ठके, ए ठके! आणि बाई हातातलं टाकून पळायची. आमच्या हाकेला कधी अशी आली नाही."

मी लिहून घेतलं.

"हे तुमच्या चर्चला पाहिजे का तुला?"

"मला," म्हटलं. पुढचं विचारायचं होतं, गेलेल्या बाईच्या नावानं चर्चतर्फे बाप्तिस्मा करू का ते. तिच्या जन्माला एकशे दहा वर्षं व्हायचीत अजून, म्हणून परवानगी आत्याचीच लागेल. नाही विचारलं. बाईनं स्वतः काय उत्तर दिलं असतं, तेही मला कुठं ठाऊक आहे.

ठकी हे काही पाळण्यातलं नाव नव्हे. तेव्हा घरोघरी एक ठकी असायची. पण त्या हाकेला ती धावायची, हातातलं टाकून धावायची. एवढं कुठल्या वहीत लिहिलेलं असतं? येन्सदात्तर कुणाच्या हाकेला धावायची, ते आजींना तीन नोंदी सापडूनही कळलेलं नाही.

टोपणनावाच्या रकान्यात 'ठकी' भरलं. भावाची हाक खाली टिपणात, आत्याच्याच शब्दांत. जन्मनावाचा रकाना तसाच मोकळा आहे. मघाशी तो बघवत नव्हता. आता बघतेय.

उद्या दहाला आजी परत येणार आहेत. आता त्यांना खुद्द येन्स हवाय. त्या एका गावात त्या वर्षांत येन्स किती, ते मोजण्यातच सकाळ जाईल. चष्मा पुसायचा कागद पिशवीत टाकून ठेवला.