फिस्टुला, डॉपलर आणि 'सर इल्ल्री' : माझा अनुभव

डायलिसिससाठी (मशीननं रक्त साफ करायला) हातात फिस्टुला करतात, त्या ऑपरेशनला लोक उगाच घाबरतात. हात तेवढा बधिर करतात, आपण जागेच असतो, डॉक्टर आपापसात क्रिकेटचं बोलत असतात तेही ऐकू येतं, तासा-दीड तासात टाके घालून मोकळं. जीव खाल्ला तो नंतरच्या एका वाक्यानं. 'ह्या फिस्टुलात सुई घालायला हरकत नाही' एवढं एक वाक्य कागदावर लिहून सही करायला बेळगावच्या एका मोठ्या हॉस्पिटलात (नाव घेत नाही, अजून मला तिथंच जायचंय) माणूसच सापडत नव्हता, आणि तोवर माझ्या मानेत डायलिसिसची नळी तशीच. गणपतीला निघायची नळी दिवाळीच्या तोंडावर निघाली. राग अजून गेला नाही म्हणून लिहायलेय.

मी खानापूर तालुक्यातली, घरी ब्लाऊज शिवते. बीपीनं किडन्या गेल्या, कळलं तेव्हा उशीर झालेला, अचानक डायलिसिस सुरू करायची वेळ आली म्हणून मानेत नळी घातली. ती कामचलाऊ असते. खरी सोय म्हणजे फिस्टुला. डायलिसिसच्या मशीनला मिनिटाला अडीचशे-तीनशे मिली रक्त लागतं आणि हाताची साधी शीर एवढं देत नाही, म्हणून मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडतात, धमनीचं जोराचं रक्त शिरेत गेलं की शीर हळूहळू फुगते, तिची भिंत जाड होते, मग तिच्यात मोठ्या सुया परत परत घालता येतात. न्यूयॉर्कच्या ब्रेशिया आणि चिमिनो वगैरे डॉक्टरांनी १९६६ साली ही पद्धत जगापुढं आणली, म्हणजे माझ्या वयापेक्षा जुनी गोष्ट, आणि अजून हिच्यापेक्षा चांगलं काही आलं नाही असं आमचे किडनीचे डॉक्टर म्हणतात. शक्यतो कमी कामाच्या हाताला करतात म्हणून माझा डावा.

सरकारी योजनेतनं फुकट उपचार मिळतात त्या कार्डाचं काम सुरळीत झालं. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकचं कार्ड, बीपीएलचं रेशनकार्ड, आणि सरकारी दवाखान्याचं रेफरल लेटर, तिन्ही हातात असली की झालं. नात्यातली माणसं म्हणायची कोल्हापूरला जा, सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्रानं महात्मा फुले योजना लागू केलीय, त्यावरनं २०२४ च्या सुरुवातीला दोन्हीकडच्या पुढाऱ्यांची जुंपली पण होती. पण डायलिसिस म्हणजे आठवड्यातनं दोनदा जाणं-येणं, कोण एवढं लांब जाणार. आमचे हे म्हणाले, पुढाऱ्यांचं भांडण मिटेपर्यंत तुझी किडनी थांबणार हाय काय.

ऑपरेशननंतर टाके निघाले, सर्जननी हो म्हटल्यावर रबरी बॉल दाबायला सुरुवात केली. बॉल मेडिकलमधे महाग सांगतात, पोराचा जुना मऊ बॉल चालतो. आणि रोज बोटं ठेवून बघायचं, जोडलेल्या जागी आत एक थरथर लागते. पिठाची गिरण चालू असताना भिंतीला हात लावला की लागतं तसं. डॉक्टर त्याला थ्रिल म्हणतात. ती लागली की फिस्टुला चालू आहे. सकाळी उठल्या उठल्या, रात्री झोपताना, आणि डायलिसिसवरनं घरी आल्यावर, एवढ्या वेळा बघायचंच. माझी थरथर पहिल्यापासनं चांगली होती, दीड महिन्यात शीर दंडाकडं दोरीसारखी वर आलेली नुसत्या डोळ्यानं दिसायची, शेजारच्या वहिनी बघून म्हणाल्या अगंबाई हे काय चालतंय आत.

आता अडलं कुठं ते ऐका.

डायलिसिस सेंटरमधला टेक्निशियन चांगला पोरगा, हात बघून म्हणाला, काकू मस्त झालाय, पण सर्जनचं लिहून आणा, त्याशिवाय आम्ही पहिली सुई घालत नाही. बरोबर आहे त्याचं, कच्च्या फिस्टुलात सुई घातली तर शीर फाटते, हात काळानिळा होतो, सगळं वाया. मी गेले हॉस्पिटलात. सर्जन बाहेरनं येतात, फक्त बुधवारी. बुधवारी गेले तर काउंटरवरचा म्हणाला तुमचं कार्डावरचं पॅकेज ऑपरेशनला होतं ते संपलं, आता ही साधी ओपीडी, पैसे भरा. भरले. आत सर्जन नव्हते, ज्युनियर डॉक्टर होते. त्यांनी हात धरला, कानाला नळी लावून ऐकलं, 'छान आहे' म्हणाले. म्हटलं मग लिहून द्या. तर म्हणे डॉपलर करून या, मग सर लिहितील.

डॉपलर म्हणजे सोनोग्राफीच, शिरेतला रक्ताचा वेग दाखवणारी. खाली गेले तर तिथल्या बाई म्हणाल्या पोटाची रोज होते, हाताच्या शिरांची करणारे डॉक्टर फक्त गुरुवारी दुपारी. आणि माझं डायलिसिस सोमवार-गुरुवार, दुपारची पाळी! म्हटलं बुधवारी करा, मी आत्ता इथं उभी आहे, हात पण घेऊन आलेय. हसल्या नाहीत त्या. सेंटरला फोन केला, गुरुवारची पाळी सकाळची करून द्या, तर सकाळच्या मशीनवर ठरलेले पेशंट, कुणीतरी गैरहजर राहिलं तर कळवू म्हणाले. गैरहजर राहील कोण? डायलिसिसला दांडी मारतंय का कोण? गेलेल्या माणसाचीच जागा रिकामी होते तिथं, त्यामुळं तसली वाट बघणं पण बरं वाटत नाही.

हे असं चाललं. मधे गणपती गेले, म्हाळ गेला. एकदा मशीनवर असतानाच अशी थंडी भरून आली की दोन चादरी घातल्या तरी दात वाजायचे थांबेनात. नळीतनं इन्फेक्शन. रक्त तपासणीला पाठवलं, अँटिबायोटिक सुरू झालं, किडनीचे डॉक्टर रागावले, फिस्टुला एवढा चांगला असताना ही नळी अजून का ठेवलीय? मी म्हटलं सर हे मला नका विचारू. मानेतली नळी जितकी जास्त राहील तितका इन्फेक्शनचा धोका, सरळ रक्तात जाते ती. डोक्यावरनं पाणी घेता येत नाही, कूस बदलता येत नाही, आणि बसमधे तर बघायलाच नको. शक्ती योजना आल्यापासनं आम्हा बायकांना बस फुकट, ते चांगलंच झालं, पण खानापूरच्या बसला सकाळी पाय ठेवायला जागा नसते, मी एका हातानं मान झाकून आणि डावा हात पोटाशी धरून उभी, कंडक्टर म्हणतोय आधार दाखवा. तिसरा हात कुठनं आणू?

शेवटी सेंटरमधेच शेजारच्या बेडवरच्या एका मामांनी गुरुवारची त्यांची सकाळची पाळी मला दिली. ऑफिसनं नाही, त्या मामांनी. डॉपलर झालं. रिपोर्ट झक्क. त्या टेक्निशियन पोरानं सांगितलं होतं की सगळे सहाचा हिशेब बघतात, शीर सहा मिलिमीटर रुंद, कातडीपासनं सहा मिलिमीटरपेक्षा खोल नाही, रक्त मिनिटाला सहाशे मिली, आणि ऑपरेशन होऊन साधारण सहा आठवडे. माझं सगळं त्याच्या वर. पण रिपोर्टच्या तळाला काय, तर क्लिनिकली कोरिलेट करा, म्हणजे डॉक्टरनी हात तपासून ताडून बघा. म्हणजे परत सर्जन. पुढच्या बुधवारी गेले, काउंटरवर तोच माणूस, मान पण वर केली नाही, 'सर इल्ल्री, नाळे बर्री.' म्हणजे सर नाहीत, उद्या या. अहो नाळे बर्री काय, उद्या गुरुवार, सर बुधवारचे! कानडी मला येतं, चांगलं बोलते, सगळं कानडीतनंच सांगितलं, तरी उत्तर तेच. त्याच्या पुढच्या बुधवारी सर कॉन्फरन्सला. ज्युनियर डॉक्टर रिपोर्ट बघून परत 'छान आहे'. म्हटलं डॉक्टर, छान आहे हे मला तीन माणसांनी तोंडानं सांगितलंय, लिहायला काय होतंय? तर म्हणे माझी सही सेंटरमधे चालत नाही. सेंटरला विचारलं, ते म्हणाले चालते की, त्या हॉस्पिटलचा शिक्का असला की झालं. आता बोला!

त्या दिवशी घरी येऊन मी भाच्याला बसवलं आणि कागदावर इंग्रजीत दोन ओळी लिहून घेतल्या: पेशंटचं नाव, डाव्या हाताचा फिस्टुला तयार आहे, दोन सुयांनी डायलिसिस करायला हरकत नाही. खाली सही आणि शिक्क्याची जागा मोकळी. डॉपलरची झेरॉक्स मागं पिन केली. बुधवारी सर्जन ओपीडीतनं ऑपरेशनला निघाले तेव्हा दारातच गाठलं. सर, हात बघा आणि सही करा. त्यांनी बघितलं, पेन काढलं, चालता चालता सही. एका मिनिटाचं काम. शिक्का मारायला मात्र परत काउंटर, पण तिथं मी हललेच नाही, मागच्या लोकांची कुजबूज सुरू झाल्यावर मारला त्यानं.

तर ज्यांचं ऑपरेशन व्हायचंय त्यांनी डिस्चार्जच्या दिवशीच विचारा: तयार झालाय हे कोण लिहून देणार, डॉपलर कुठल्या वारी, त्याची चिठ्ठी आत्ताच द्या. आणि कागद स्वतः लिहून न्या. डॉक्टरला लिहायला वेळ नसतो, सही करायला असतो.

पहिली सुई दुखते. खोटं कशाला सांगू. पहिल्यांदा बारीक सुई घेतात, सतरा नंबरची, नंबर मोठा तेवढी सुई बारीक, आणि मशीनचा पंप पण हळू ठेवतात. थोडे दिवस नळी ठेवूनच सुया घालून बघितल्या, सगळं नीट चाललंय म्हटल्यावर नळी काढली. त्या जागेची जखम भरल्यावर डोक्यावरनं गरम पाणी घेतलं, तासभर न्हाणीतनं बाहेरच आले नाही, हे दार वाजवायला लागले.

बांगड्यांचं सांगायचं राहिलं. डाव्या हातात काहीही घट्ट नको, बांगड्या, घड्याळ, रबर, घट्ट बाहीचा ब्लाऊज. लग्नाकार्यात बायका विचारतात, मी सांगते हा हात मशीनचा. माझ्या ब्लाऊजची डावी बाही मी आता सैलच शिवते, आणखी दोघींना पण तशी शिवून दिली. कोपरात पिशवी अडकवायची नाही, कळशी त्या बाजूनं उचलायची नाही, त्या हातावर डोकं ठेवून झोपायचं नाही.

बीपी, रक्त काढणं, सलाईन, काहीच त्या हाताला नाही. हे ऑपरेशनच्या आधीपासनंच पाळायचं, डॉक्टरनी कुठला हात ते ठरवलं की लगेच, कारण सलाईननं खराब झालेली शीर पुढं फुगत नाही. आणि ह्यासाठी भांडायची तयारी ठेवा. तापाला गेला, दाताला गेला, कुणीही येतं आणि बीपीचा पट्टा डाव्या हातालाच गुंडाळतं. 'ई कैगे बीपी ब्याड्री' (ह्या हाताला बीपी नको) हे वाक्य पाठ करून ठेवा. माझ्या फाइलवर लाल पेननं कानडी, मराठी, इंग्रजी तिन्हीत लिहिलंय.

सुई काढल्यावर दोन बोटांनी दहा-पंधरा मिनिटं दाबायचं, पण इतकं जोरात नाही की थरथरच बंद होईल. पट्टी काही तासांत सोडायची, घट्ट पट्टी बांधून रात्रभर झोपायचं नाही. घरी आल्यावर रक्त यायला लागलं तर हात वर करून बरोबर त्या भोकावर दाबायचं, टॉवेलवर टॉवेल गुंडाळत बसायचं नाही, आणि थांबत नसेल तर कुणाला तरी गाडी काढायला लावायची.

आणि थरथर बंद झाली, किंवा एकदम कमी झाली, तर सोमवारी डायलिसिसलाच दाखवू असं नाही चालत. त्याच दिवशी जायचं. आत रक्ताची गाठ झालेली असते, पहिल्या एक-दोन दिवसांत गेलं तर बरेचदा काढता येते, नंतर अवघड. मशीनवर बीपी फार खाली गेलं तरी हे होऊ शकतं, म्हणून मधल्या दिवसांत पाणी बेतानं पिते मी, वजन जास्त वाढलं की जास्त पाणी काढावं लागतं आणि बीपी पडतं. हात लाल, गरम झाला, पू आला, ताप आला, किंवा बोटं गार पडून दुखायला लागली, तर हे पण लगेच दाखवायचं.

सध्या माझं भांडण वेगळ्या गोष्टीवरनं चाललंय. नवीन टेक्निशियन आलाय, तो रोज त्याच दोन जागी सुई घालतो, कारण तिथली कातडी मेलेली, दुखत नाही आणि सुई पटकन जाते. पण एकाच जागी टोचत राहिलं की तिथं शीर फुगून फुगा होतो, शेजारच्या मामांच्या हातावर लिंबाएवढा आहे. म्हणून मी घरनंच पेननं ठिपका काढून जाते, मागच्या जागेपासनं थोडा वर. सुई घालायच्या आधी साबणानं हात धुते, ठिपका पुसट होतो, बेडवर बसून परत गडद काढते. तो म्हणतो अक्का, इथं दुखेल. म्हटलं दुखू दे, तू घाल.