अळणी शेंगा आणि काळी चार

आत्याच्या पेटीचा एक सूर अडकला होता. भाता हलवला की बोट कुठेही ठेवा, मागे काळी चार 'ऊंऽऽ' करत राहायची. दर गुरुवारी आमच्या घरी भजनाला सात-आठ बायका जमतात. त्यांना त्याचं काही वाटत नसे. आत खोलीत बसून मलाच दाढ दुखल्यासारखं व्हायचं. शेवटी आत्या एका लग्नासाठी चार दिवस गावी गेली, तेव्हा पेटी गाडीत घातली आणि तिला न विचारता मिरजेला नेली.

मिरज खरी तंबोऱ्यांची आणि सतारींची. भोपळे टांगलेल्या दुकानांमधून वाट काढत गेलं की एका बोळात पेटी दुरुस्त करणारे चाचा बसतात. त्यांनी वरची फळी काढली, पट्ट्यांवरून एकदा नुसतं बोट फिरवलं आणि म्हणाले, "चामडं कसरीनं खाल्लंय. भोक बंद होत नाही, हवा जाते, मग सूर बोलणारच." पाच मिनिटांचं काम. पण पेटी उघडलीच आहे तर सगळे सूर बघून घेऊ, म्हणाले. नाही कशाला म्हणायचं?

पेटीवाल्यांच्या बोलीत सूर ही हातात धरायची वस्तू आहे. पितळेची छोटी पट्टी, तिच्यात चिरलेली खाच, आणि खाचेवर एका टोकाला रिव्हेटने बसवलेली पातळ जीभ. हवा गेली की जीभ खाचेतून आत-बाहेर थरथरते, बस्स. चाचांनी एक सूर उपसून ओठांशी धरला, फुंकला, मग जिभेखाली पातळ पत्रा सरकवून कानसेनं दोनदा हलकेच खरवडलं. "टोकाला खरवडलं की चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो." परत फुंकला. मला काहीच फरक कळला नाही. त्यांनी मान हलवली आणि आणखी एकदा खरवडलं.

चहा येईपर्यंत मी फोनवर पॅरिसचं जुनं अकॉर्डियन लावलं. रात्री झोप येत नाही तेव्हा असलंच काहीबाही ऐकायची मला सवय आहे. चाचा हातातलं काम न थांबवता म्हणाले, "सुरांच्या दोन लाईनी आहेत. एक मुद्दाम जरा चढी ठेवलीय. म्हणून लाटा येतात." मी उडालोच. पॅरिसच्या 'म्यूझेट' नाचगाण्याचा तो थरथरता, किंचित रडवेला आवाज बरोबर याच युक्तीनं काढतात. म्यूझेट हे खरं तर बॅगपाइपसारख्या एका पिशवीवाद्याचं नाव. फ्रान्समधल्याच ओव्हेर्न्यच्या डोंगराळ भागातून पॅरिसला पोटासाठी आलेली माणसं ते आपल्या खानावळींतून वाजवायची. मग इटलीतून आलेल्या मजुरांनी अकॉर्डियन आणलं. पिशवी गेली, नाव राहिलं.

एवढीशी पितळी जीभ किती हिंडली आहे! तिचं मूळ चीन आणि आग्नेय आशियातल्या तोंडानं फुंकायच्या वाद्यांत. युरोपनं ती उशिरा उचलली, पण एकदा उचलल्यावर वीसेक वर्षांत धुमाकूळ घातला. 1829 मध्ये व्हिएन्नात अकॉर्डियनचं पेटंट निघालं, 1840 च्या सुमारास पॅरिसमध्ये देबँ यांनी हार्मोनियम काढलं, त्याच दशकात जर्मनीतल्या क्रेफेल्ड गावच्या हाइनरिख बांड यांनी बांडोनियन हे बटणांचं, भात्याचं वाद्य लोकांपुढे आणलं. कारखान्यात घाऊक बनणारी, स्वस्त, खांद्याला अडकवून नेता येणारी, पावसापाण्यात तारेसारखी न उतरणारी आणि चार माणसांइतकी मोठ्यानं बोलणारी पेटी. घर सोडून निघालेल्या माणसाला वाद्याकडून आणखी काय हवं असतं?

बांडोनियनची गोष्ट तर मला कितीही वेळा सांगायला आवडते. ज्या छोट्या चर्चना ऑर्गन परवडत नव्हता तिथे प्रार्थनेला हे वाजायचं म्हणतात. तेच जहाजात बसून अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसला उतरलं आणि बंदराकाठच्या गुत्त्यांत, कुंटणखान्यांत, वाड्यांसारख्या भाड्याच्या चाळींत जाऊन बसलं. तोवर तिथला टँगो बासरी, फिडल आणि गिटारवर उड्या मारत चालायचा. बांडोनियनला तशा उड्या झेपेनात. त्याची बटणं कुठल्याच शहाण्या क्रमानं लावलेली नाहीत, आणि भाता उघडताना एक सूर तर मिटताना त्याच बटणावर दुसरा. एकाहत्तर बटणं, एकशे बेचाळीस सूर, सगळे पाठ. त्यामुळे टँगो जड झाला, संथ झाला, असं तिकडचे जाणकार सांगतात, आणि मला ते पटतं. आज टँगो म्हटल्यावर जो दुखरा सुस्कारा आठवतो, तो निम्मा वाद्याच्या गैरसोयीतून आलेला आहे.

पुढे 1929 मध्ये न्यूयॉर्कला राहणाऱ्या एका अर्जेंटिनी बापानं गहाणवटीच्या दुकानातून असलंच एक जुनं बांडोनियन आठ वर्षांच्या मुलासाठी घेतलं. तो मुलगा म्हणजे आस्तोर पियात्सोला. मोठेपणी त्यानं टँगोत बाखचं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतही घातलं आणि जॅझही, तेव्हा जुने रसिक खवळले: हा टँगोच नव्हे! गुत्त्यातून वर आलेल्या गाण्यालाही शंभर वर्षांत सोवळं चढतं, ते असं.

चाचांना हे सगळं सांगितलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "बटणं का? पट्ट्या का नाहीत?"

मग त्यांना लुईझियाना ऐकवलं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या त्या दलदलीच्या मुलखात फ्रेंच बोलणाऱ्या काळ्या शेतमजुरांनी अकॉर्डियनला आपलंसं केलं, त्या गाण्याला 'झायडको' म्हणतात. हा शब्द बहुधा 'लेझारिको' म्हणजे शेंगा यावरून आला. 'शेंगा अळणी आहेत' अशी तिकडे जुनी म्हण आहे. अळणी कशानं, तर शेंगांत घालायला खारवलेल्या मांसाचा तुकडासुद्धा घरात नाही. पीठ-मिरचीवर निभावलेल्या दिवसांचं नाव एका संगीतप्रकाराला द्यावं, याला छातीच लागते. ताल धरायला त्यांच्याकडे कपडे धुवायची पन्हळी पत्र्याची फळी. ती आधी मांडीवर धरून घासायचे. 1946 च्या सुमारास झायडको वाजवणाऱ्या क्लिफ्टन शेनिये यांनी एका लोहारकाम करणाऱ्याकडून खांद्यावर अडकवायची बंडीच करून घेतली. त्यांचा भाऊ ती अंगात घालून बाटली उघडायच्या ओपनरनं छातीवर खरखरवायचा. मी त्याचा व्हिडिओ दाखवला तेव्हा चाचा पहिल्यांदा मनापासून हसले. शेजारच्या सतारीच्या दुकानातल्या पोराला हाक मारून त्यांनी परत लावायला सांगितला.

कोलंबियाच्या उत्तर किनाऱ्यावर गुरांमागे हिंडणारे गवई अकॉर्डियनवर गावोगावच्या बातम्या गात, ते वायेनातो. प्रतिष्ठितांनी नाकं मुरडली आणि मग 1968 पासून तिथल्याच वायेदुपार शहरात त्याचा मोठा उत्सव भरू लागला. केप व्हर्द बेटांवर अकॉर्डियनच्या साथीला लोखंडी सळईवर सुरी घासतात. त्या गाण्याला फुनाना म्हणतात; तिथल्या पोर्तुगीज सरकारला तो आवडत नसे. ब्राझीलच्या ईशान्येला झांजेऐवजी लोखंडी त्रिकोण. जिथे जावं तिथे हेच: परक्या कारखान्यातली पेटी, गावचं काहीतरी खडखडणारं, आणि वरच्या आळीतल्या लोकांचं तोंड वाकडं.

वाकड्या तोंडाचा अनुभव आपल्यालाही आहे. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली ती थेट 1971 पर्यंत. आक्षेप खोटा नव्हता. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, दोन पट्ट्यांमधली जागा रिकामीच. आपला गंधार आणि पियानोचा गंधार एक नव्हे. पण बंदीच्या त्या एकतीस वर्षांत महाराष्ट्रातली एकही भजनी मंडळी पेटीवाचून थांबली असेल असं वाटत नाही. कोकणात दशावताराच्या रंगमंचाशेजारी पेटी होतीच, संगीत बारीत होती, नाटकात ऑर्गन. गोव्यातल्या बोरीचे पेटीवादक तुळशीदास बोरकर याच काळात घडले. रेडिओला नको असलेल्या वाद्यानं त्यांना पुढे पद्मश्री मिळवून दिली.

आणि आपण तरी पेटी जशीच्या तशी कुठे ठेवली? युरोपची ती खुर्चीवर बसून पायानं भाता मारायची. आपल्याकडे गाणं जमिनीवर, सतरंजीवर. 1875 च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी पाय काढून टाकले आणि भाता पाठीमागे नेला. आपण मांडी घातली म्हणून पेटीनंही घातली. मात्र डावा हात भात्यात अडकला. युरोपात दोन्ही हातांनी सुरांचे गठ्ठे वाजायचे, इथे एका हाताला एकच धून धरणं भाग पडलं. आपल्या गाण्याला नेमकं तेवढंच हवं होतं.

"गंधार ट्यूनिंग करू का साधं?" चाचांनी विचारलं. गंधार ट्यूनिंग म्हणजे आत्याच्या पट्टीचा सा धरून बाकीचे सूर शुद्ध लावायचे. मग दुसऱ्या पट्टीत तीच पेटी बेसूर वाटते. गुरुवारच्या आठ बायका आठ पट्ट्यांत गातात. मी साधंच सांगितलं. संध्याकाळी पेटी घेऊन निघालो. भाता कितीही हलवला तरी आतून चकार शब्द नाही. सांगलीपर्यंत मी स्वतःवर भलताच खूश होतो.

आत्या गुरुवारी सकाळीच परतली. संध्याकाळी बायका आल्या, सतरंजी पडली, टाळ निघाले. आत्यानं भाता उघडला, दोनदा हलवला आणि थांबली. पेटी कलती करून आत डोकावली.

"माझा सूर कुठंय?"

"आत्या, तो बिघाड होता. मिरजेला नेऊन नीट करून आणली."

"बिघाड म्हणे! दोन वर्षं मी त्याच्यावर सा लावतेय. तंबोरा कोण धरणार माझ्यामागे, तू?"

बायका हसल्या. मी आत जाऊन बसलो. भजन सुरू झालं आणि थोड्या वेळानं ओळखीचा 'ऊंऽऽ' भिंतीतून परत यायला लागला. दारातून डोकावून पाहिलं, तर काळी चार खाली दबलेली आणि तिच्या फटीत काडेपेटीतली काडी खोचलेली.