म्हातारपणातला बाई-पुरुष फरक शिकताना: गोव्यातला माझा अनुभव

मी डिचोलीची. फिजिओथेरपी शिकले, काही वर्षं म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेतले आणि मग पीएचडीला नाव नोंदवलं. विषय घेतला वार्धक्यातला अशक्तपणा. गोव्यात हा विषय शोधत जावं लागत नाही. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या लोकांचं प्रमाण केरळच्या खालोखाल गोव्यातच होतं, ११.२ टक्के. आमच्या वाड्यावर म्हातारे पुरुष थोडे, म्हाताऱ्या बायका पुष्कळ. पण गुडघे धरून उठणाऱ्या, पडून खुबा मोडलेल्या बघायला गेलं तर त्याही बायकाच जास्त. बायका जगतात जास्त, पण अशक्तपणही त्यांच्याच वाट्याला जास्त येतं. जगभर हेच दिसतं, आणि त्याचं कारण मला शोधायचं होतं.

प्रस्ताव लिहायला बसले तेव्हा मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "पुरुष किती, बायका किती हे सगळेच लिहितात गो. तुला त्यांच्यातलं नेमकं काय बघायचंय?" त्यांनीच मला नव्या संशोधकांना हा स्त्री-पुरुष फरक अभ्यासायला शिकवणाऱ्या एका प्रशिक्षणाला पाठवलं. काही तासिका ऑनलाइन, काही समोरासमोर. आमच्या गटात एक उंदरांवर काम करणारा, एक औषधशास्त्रातली आणि मी.

सुरुवात इतिहासाने झाली आणि मला तिथेच राग आला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ साली मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवण्याची शिफारस केली, ती १९९३ पर्यंत टिकली. झोल्पिडेम ही झोपेची गोळी दोन दशकं बाजारात होती. बायकांच्या रक्तात ती सकाळपर्यंत जास्त उरते म्हणून त्यांची मात्रा निम्मी करायची सूचना आली ती २०१३ मध्ये. प्रयोगशाळेत उंदीरसुद्धा नरच वापरायचे. माद्यांच्या पाळीचक्रामुळे आकडे वरखाली होतात असं कारण द्यायचे. २०१४ साली शेकडो प्रयोग एकत्र करून तपासलं, तर माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त वरखाली होत नव्हते. एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने २०१६ पासून अनुदानाच्या अर्जात लिंगाचा विचार कसा केला ते लिहायला लावलं, त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

उंदीरवाल्या मित्राकडून मी फार शिकले. त्याच्याकडच्या एका जातीच्या उंदरांत वृषण तयार करवणारं जनुक वाय गुणसूत्रावरून काढून दुसऱ्याच गुणसूत्रावर बसवलेलं असतं. त्यामुळे एक्सएक्स असूनही वृषण असलेले आणि एक्सवाय असूनही अंडाशय असलेले उंदीर मिळतात, आणि फरक हार्मोनमुळे की गुणसूत्रांमुळे हे वेगळं काढता येतं. माणसात असं करता येत नाही. माणसात तर त्यावर चुलीपुढची, शेतातली, खाणीवरची सगळी वर्षं चढलेली असतात.

माझ्यासाठी खरं प्रशिक्षण प्रश्नावलीत होतं. वृद्ध माणूस रोजचे व्यवहार स्वतः करतो का, हे मोजायला लॉटन आणि ब्रॉडी यांची १९६९ ची मोजणी जगभर वापरतात. तिच्यात आठ कामं: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैसे. मूळ पद्धतीत बायकांना आठही कामांचे गुण द्यायचे आणि पुरुषांना पाचांचेच. स्वयंपाक, घरकाम, धुणं त्यांच्यासाठी वगळलेलं. सरावाला मी सत्तरी तालुक्यातल्या एका गावात गेले. एका काकांना विचारलं, जेवण करता का? "नाही बाय, कधी केलंच नाही." शेजारच्या आजींना विचारलं, बँकेचा व्यवहार? "तो मुलगा बघतो, त्याआधी हे बघायचे." दोघांनाही शून्य. पण दोघांचीही ताकद म्हातारपणाने गेलेली नाही, ते काम त्यांच्याकडे कधी आलंच नव्हतं. हे शून्य तसंच बेरजेत घातलं तर संसारातली कामाची वाटणी अशक्तपणा म्हणून छापून येईल. म्हणून आम्ही प्रत्येक कामाला एक प्रश्न जोडला: पूर्वी करत होता का? उत्तर "नाही" आलं की ते काम वेगळं ठेवायचं.

हाताची पकड मोजायचं यंत्र साधं वाटतं, पण ते शिकण्यात माझा सर्वांत जास्त वेळ गेला. खुर्चीत बसवायचं, कोपर काटकोनात, दंड अंगाजवळ, आणि मूठ आवळायला सांगायचं. म्हाताऱ्या बायका आधी यंत्राकडे बघतात. एक आजी म्हणाली, "मोडलं तर?" आणि अलगद दाबलं. तीच आजी सकाळी पाट्यावर मसाला वाटून आली होती. आम्हाला शिकवलं की प्रोत्साहनाचे शब्द ठरलेले हवेत आणि आवाजही तोच हवा, कारण पुरुषांना आपण नकळत जोरात "अजून, अजून" म्हणतो आणि आजींना "हळू हं". पुढे मर्यादा कुठली लावायची तेही ठरवावं लागतं. म्हातारपणी स्नायू झिजतात त्यावर काम करणाऱ्या आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ठरवल्याप्रमाणे पुरुषांची पकड २८ किलोंच्या खाली आणि बायकांची १८ किलोंच्या खाली गेली की ती कमी धरतात. या वेगळ्या मर्यादा लावल्या की प्रत्येकाची तुलना त्याच्याच गटाशी होते. ते बरोबर आहे, पण तसं केलंय हे स्पष्ट लिहिलं पाहिजे. नाहीतर "दोघांत फरक नाही" या वाक्याचा अर्थच लागत नाही.

वयाचीही गोष्ट तशीच. वार्धक्याच्या अभ्यासात वयच चुकलं तर काय उरलं? आमच्याकडे लग्नात मुलीचं नावही बदलायची रीत, त्यामुळे जन्मदाखल्यावर एक नाव आणि आधारवर दुसरंच, आणि आधारवरचं वर्ष पुष्कळदा अंदाजाने घातलेलं. मग आम्ही लिबरेशनवर, म्हणजे गोवामुक्तीवर येतो. १९६१ साली तुम्ही केवढ्या होतात, शाळेत जात होतात का, लग्न झालं होतं का? वयाची गडबड बायकांच्या बाबतीत जास्त असेल तर तीच पुढे "स्त्री-पुरुष फरक" होऊन बसते.

सर्वांत नाजूक प्रश्न गर्भाशयाचा. "पिशवी काढली" हे बायका सहज सांगतात. अंडाशयं काढली की ठेवली, हे बहुतेकींना कुणी सांगितलेलंच नसतं. मेयो क्लिनिकच्या २००७ मधल्या अभ्यासात, नैसर्गिक पाळी जाण्याआधी अंडाशय काढलेल्या स्त्रियांत पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त आढळला. म्हणजे ऑपरेशनचा कागद मिळायला हवा, आणि मागायलाही हवा. मुलगा-सून शेजारी बसलेली असताना हे विचारायचं नाही, बाईनेच विचारायचं आणि नको वाटलं तर सोडून द्यायचं, ही अट नैतिकता समितीने घातली. मला ती पूर्ण पटली.

संख्याशास्त्राच्या सरांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले: बायकांत पी मूल्य ०.०३, पुरुषांत ०.०८. (हे मूल्य ०.०५ च्या खाली आलं की संबंध सिद्ध धरायची रीत आहे.) "फरक आहे?" कुणी बोलेना. एका गटात संबंध सिद्ध झाला आणि दुसऱ्यात नाही, एवढ्याने दोन गट वेगळे ठरत नाहीत. दोन्ही परिणामांमधला फरकच थेट तपासावा लागतो. छापून आलेल्या बऱ्याचशा शोधनिबंधांत हे तपासलेलंच नसतं. आणि तपासायचं तर किंमत मोजावी लागते: मुख्य परिणामाएवढाच फरक पकडायला नमुना चौपट लागतो. एका पीएचडीत तेवढी माणसं मिळणार नाहीत, म्हणून मी पाच प्रश्नांतले चार सोडले. मधुमेह असताना पकड घटते ती बायकांत आणि पुरुषांत सारखीच की वेगळी, एवढा एकच ठेवला. सोडलेल्या चारांतला एक अजून मनात आहे: खाणीवर राबलेले पुरुष आणि शेतात-कुळागरात राबलेल्या बायका यांच्यात जे वेगळं दिसतं त्यातलं कामाचं किती.

आता माहिती गोळा करणं चालू आहे. विश्लेषण कसं करणार ते मी आधीच लिहून मॅडमकडे दिलंय. गोव्यातल्या किंवा सिंधुदुर्गातल्या कुणाला हे शिकायचं असेल तर गावात उतरण्याआधी लासी या राष्ट्रीय वार्धक्य सर्वेक्षणाची माहिती घ्या. पहिल्या फेरीत पंचेचाळिशीपुढची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून जास्त जण आहेत, हाताची पकड मोजलेली आहे, आणि संशोधकांना मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्या-अभ्यासाच्या संस्थेकडे अर्ज करून ही सगळी माहिती मिळते. त्यावर एकच प्रश्न घेऊन बसा, आणि आकडेमोडीला हात घालण्याआधी तुमच्या संख्याशास्त्रज्ञाला भेटा.