सुतार ते कॉन्ट्रॅक्टर, व्हाया बाथरूम

परवा साइटवर एक नवीन पोरगं मला विचारतंय, शेठ, तुम्ही कधी हातात रंधा धरलाय का? हसलो, पण जरा लागलंच.

मी सुताराचाच. खटाव तालुक्यातलं गाव. वडील, म्हणजे आमचे दादा, नांगर, कुळव, पाभर, गाडीची चाकं सगळं करायचे आणि सुगी झाली की बलुत्याची ज्वारी घरी यायची. मग लोखंडी नांगर आले, ट्रॅक्टर आले, ज्वारी आटली. २००१ ला मी पुण्याला आलो, भवानी पेठेत टिंबर मार्केटजवळ चुलत्यांच्या खोलीत राहिलो आणि एका इंटिरिअरवाल्याकडे हेल्पर लागलो, ७० रुपये हजेरी. सागवान दिसायचंच नाही, सगळं प्लाय. आठ बाय चारचं १९ एमएमचं शीट, लिफ्टमध्ये मावत नाही म्हणून जिन्यानं चौथ्या मजल्यावर.

पाच-सहा वर्षांनी लेबर रेटवर स्वतः कामं घ्यायला लागलो, माल पार्टीचा, म्हणजे गिऱ्हाईकाचा, हात आपला. त्यात फार काही चुकत नाही. खरी गंमत विथ मटेरियल, म्हणजे मालासकट काम घेतल्यावर सुरू झाली. वॉर्डरोबचा रेट समोरच्या मापावर असतो, सात बाय सात म्हणजे ४९ स्क्वेअर फूट, गुणिले रेट, झालं. मी तसंच कोटेशन दिलं आणि काकू म्हणाल्या, आत सहा ड्रॉवर हवेत, एक लॉकरचा कप्पा, आणि चपलांसाठी पण काहीतरी करा ना. आता बाहेरून माप तेवढंच, पण प्रत्येक ड्रॉवरला प्लाय वेगळा, ड्रॉवर सरकायच्या चॅनेलची जोडी वेगळी, मिस्त्रीचा अर्धा दिवस वेगळा. सहा ड्रॉवर म्हणजे तीन दिवस हवेत गेले. बोलायची पण सोय नाही, कारण रेट मीच दिलेला. तेव्हापासून कोटेशनमध्ये आतलं आधी लिहितो, बाहेरचं नंतर, आणि मधेच काही वाढलं की संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर आकडा टाकतो, पलीकडून ओके आल्याशिवाय करवत लावत नाही.

मग अख्खा फ्लॅट घेतला, सिंहगड रोडला, तोडफोडीपासून. गवंडी, प्लंबर, वायरमन, पेंटर सगळे माझ्या अंगावर. लाकडाचं मला बोटानं कळतं, बाकीचं मी लोकांच्या शब्दावर धरून चाललो. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं, मी गवंड्याला विचारलं, गळतं का बघायला पाणी भरून ठेवलं होतं का, तो म्हणाला ठेवलं होतं. दोन महिन्यांनी खालच्या फ्लॅटचं छत ओलं. नवीन टाइल्स फोडल्या, परत सगळं केलं, माझ्या खिशातून, आणि खालच्यांचं छत पण रंगवून दिलं. त्या कामात कमावलेलं तर गेलंच, वर बायकोच्या पाटल्या गहाण. गवंड्यावर ओरडलो, पण खरं सांगायचं तर चूक माझी, मी जिना चढून बघायला गेलो नव्हतो.

त्यानंतर प्रत्येक कामाची एकेक परीक्षा ठरवली, सुताराला जमेल अशी. टाइल्सवर हातोडीच्या दांड्यानं टकटक, पोकळ वाजली की काढ. (दादा लाकूड घेताना असंच बोटाच्या पेराने वाजवून बघायचे.) बाथरूमच्या फरशीवर गोटी सोडायची, ती पाणी जायच्या जाळीकडे गेली पाहिजे, दाराकडे आली की उतार चुकला. भिंतीच्या कोपऱ्यात काटकोन बघायला गुण्या लावायचा. आणि वॉटरप्रूफिंगनंतर जाळी बंद करून दोन इंच पाणी, ४८ तास, मग खालच्या घरी जाऊन स्वतः वर बघायचं. पोरं मला गोटीवाले शेठ म्हणतात, म्हणू देत.

पैशाचं वेगळंच. बिल्डरचं काम हवं तर जीएसटी नंबर पाहिजे, म्हणून २०१८ ला काढला. बिल केलं की त्यावर १८ टक्के, आणि ते पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचे, पार्टीनं पैसे दिलेले असोत वा नसोत. पार्टी देणार तीन महिन्यांनी, त्यातून एक टक्का टीडीएस, म्हणजे आयकर आधीच कापून, वर पाच टक्के रिटेन्शन, म्हणजे कामात काही निघालं तर म्हणून राखलेले पैसे, वर्षभर अडकवून. इकडे शनिवारी लेबरला खर्ची, म्हणजे आठवड्याच्या खर्चाचे पैसे, द्यायचीच असते, ती काय थांबत नाही. काम भरपूर आणि खिसा रिकामा, हे मी दोनदा अनुभवलंय. आता बिल्डरची कामं अर्ध्याच्या वर घेत नाही, बाकी घरगुती. घरगुतीत लोक किरकिर करतात, पण पैसे हप्त्याहप्त्यानं देतात.

लॉकडाऊनमध्ये पोरं गावी गेली, तेव्हा अडकलेलं एक किचन मी एकट्यानं पूर्ण केलं, कपाटांची शटर, म्हणजे दारं लावली, बिजागऱ्या अ‍ॅडजस्ट केल्या, दोन आठवडे गेले. कित्येक वर्षांनी रात्री खांदे दुखले आणि झोप अशी लागली की विचारू नका. त्या पोराला हे सांगणार होतो, पण तो तोवर चहा आणायला गेलेला.

आत्ता नऱ्ह्याच्या साइटवर बाथरूममध्ये पाणी भरून ठेवलंय. उद्या सकाळी नऊला ४८ तास होतात, खालच्या मजल्यावरच्या आजींना सांगून ठेवलंय, छत बघायला येतो म्हणून. त्या म्हणाल्या, या, पण चपला बाहेर काढा.