पार्किंगमध्येच उघडलं ८०० चं हेड

आपली कार्बोरेटरवाली मारुती ८००, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. जुना रेडिएटर होज फुटला आणि मी टेम्परेचरचा काटा बघितलाच नाही, चूक माझीच. डिपस्टिक काढली तर ऑइलचा पार चहा झालेला, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं, इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं. हेड उतरवून घासून पुसून त्यावर स्टीलची पट्टी आडवी ठेवली तर खालून ०.१० मिमीचा फिलर (फट मोजायची पातळ पाती) आरामात सरकला, लिमिट आहे ०.०५, म्हणजे हेड वाकलेलं, मग सरळ फेसिंगला (मशीनवर सपाट करायला) दिलं, काचेवर पॉलिश पेपर लावून घरी घासणारे पण आहेत, आपल्यात तेवढा धीर नाही बाबा.

व्हॉल्व्ह मात्र घरीच लॅप केले (सीटवर घासून घट्ट बसवले), सहाच तर आहेत. पेस्ट लावायची आणि रबरी कपवाली काठी दोन्ही तळहातांत धरून रवीसारखी फिरवायची, आधी खरखर येते मग आवाज मऊ होतो, तेव्हा पुसून बघायचं, सीटवर अखंड राखाडी रिंग दिसली की झालं. पोर्टमध्ये (व्हॉल्व्हमागच्या वाटेत) पेट्रोल ओतलं तर एक एक्झॉस्ट झिरपत होता, तो परत घासला. आई म्हणाली, एवढ्यात लोणी आलं असतं!

स्टेम सील (व्हॉल्व्हच्या दांड्यांवरचे ऑइल सील) नवीन टाकले, हेड बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला टप्प्याटप्प्याने टॉर्क केले (मोजून आवळले). काल स्टार्ट झाली. टॅपेट वाजतायत, म्हणजे व्हॉल्व्हची फट सेट करायचीय, ते रविवारी.