पार्किंगचा नवा प्लॅन आणि माझी कुरकुर
घरासमोरच्या रोडचा नवा प्लॅन बघितला, एका बाजूचं पार्किंग बंद, दुसऱ्या बाजूला २ तासांची लिमिट आणि रोड वन-वे. लिमिट पटते बुवा, एकच गाडी दिवसभर जागा अडवून बसली की बाकीचे जागा शोधत घिरट्या घालतात आणि ट्रॅफिक उगाच तुंबतो. पण वन-वे? समोरून कोणी येत नाही म्हटल्यावर लोक गाडी सुसाट सोडतात, मग रोड क्रॉस करणाऱ्यांनी काय करायचं! खरी गोची कोपऱ्यावर आहे, वळणाला चिकटून कोणीतरी गाडी लावतं, तिच्याआडून येणारं लहान पोर दिसतच नाही, मी स्वतः दोनदा कचकन ब्रेक मारलाय. तो कोपरा आधी मोकळा करा ना, तर प्लॅनमध्ये पार्किंगची पट्टी नेमकी तिथेच आखलीय.